शेंडीचा नारळ

बनाबाईंना अमेरिकेला धाडलं ते त्यांच्या जावेनं. म्हणजे जावेनं तिकीट काढून दिलं नाही. ती स्वतः दुबईला जाऊन आली आणि कसबा बावड्यात गल्लीभर खजूर वाटत फिरली. ते खजूर बनाबाईंच्या नवऱ्याच्या, हंबीररावांच्या घशात अडकले. "दुबईचं काय सांगताय, मी बायकोला अमेरिका दावतो," असं ते चारचौघांत बोलून गेले, आणि बोललेला शब्द मागं घेणं त्या घरात कुणाला जमत नाही. स्वतः मात्र आले नाहीत. ऊस, म्हशी आणि विमानाची भीती, यातलं खरं कारण कुठलं ते ज्याचं त्यानं ओळखावं.

मी त्या टूरला गेले ती माझ्या हौसेनं. कोल्हापुरातल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भाच्या-पुतण्यांची बाळंतपणं करत बसायचा मला कंटाळा आला होता. एकट्या बायकांना टूरवाले जोडीनं खोली देतात. दोन हजार सहाच्या मे महिन्यात बनाबाई अशा माझ्या वाट्याला आल्या. त्या नऊवारी नेसायच्या, बाथरूमच्या दांडीवर ती वाळत घालायच्या आणि अंथरुणाला पाठ टेकली की घोरायच्या. पहिल्या शुक्रवारी बसमध्ये त्यांनी सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं. माझ्याजवळ आल्यावर करंडा मिटला आणि माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. मला राग आला नाही. असल्या गोष्टींवर रागवायला गेलं तर माणसाला दुसरं कामच उरणार नाही.

लॉस एंजेलिसच्या विमानतळावर मात्र त्यांनी तमाशा केला होता. तिथल्या कस्टमवाल्यानं त्यांच्या पिशवीतून नारळ, तांदूळ, सुपाऱ्या, हळकुंडं सगळं काढून घेतलं. नुसता खण तेवढा परत दिला. बनाबाई तिथल्या बाकावर बसून हुंदके देऊन रडल्या. "अहो, नारळासाठी कुणी रडतं का," म्हणून पुण्याच्या बायका समजूत घालत होत्या. मीही मनात तेच म्हणत होते, फक्त जरा कडक भाषेत.

त्या रडण्याचं कारण मला लास व्हेगासच्या वाटेवर कळलं. बाहेर वाळवंट लागलं होतं. झाड नाही, जनावर नाही, माणूस नाही. मागं गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. बनाबाईंनी पोलक्यातून एक घामेजलेला कागद काढला.

"बाई, तुमी शिकलेल्या. ह्यो पत्ता आपुन निघालोय त्याच गावातला हाय का बघा."

पत्ता लास व्हेगासचाच होता. मी विचारलं, "कुणाचा हा?"

"माझ्या लेकीचा."

"तुम्हाला तर एकच मुलगा ना? संग्राम?"

"सांगायला एकच," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. अनुजा कॉलेजात असताना आजऱ्याच्या सार्थकशी तिचं जुळलं. पोरगा हुशार, इंजिनिअर होणारा, पण बौद्ध घरातला. सत्त्याण्णव साली दोघांनी रजिस्टर लग्न केलं. हंबीररावांनी पंचगंगेवर जाऊन लेकीच्या नावानं पाणी सोडलं आणि तेराव्याला भाऊकी जेवायला घातली.

"मीच रांधलं की त्या दिवशी," बनाबाई म्हणाल्या. "जित्या लेकीच्या तेराव्याचं. भात कमी पडला, तर दुसऱ्यांदा बी टाकला."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते हंबीररावांच्या तोंडावर बोलायला हवं होतं.

पुढं अनुजा आणि सार्थक अमेरिकेला गेले, एवढं बनाबाईंना उडत उडत कळलं होतं. अनुजाची मैत्रीण सोनम कोल्हापुरात बँकेत होती. टूरच्या कागदावर गावांची नावं छापून आली, तेव्हा बनाबाई म्हशीच्या औषधाचं निमित्त करून बँकेत गेल्या आणि सोनमपुढं तो कागद धरला. सोनमनं पत्ता लिहून दिला, फोन जोडूनही दिला. हंबीररावांना यातलं अक्षर माहीत नव्हतं.

"लेक काय म्हणाली?"

"म्हणली, ये. बाकीचं हितं आल्यावर बोलू." बनाबाईंनी कागद परत पोलक्यात ठेवला. "मला काय बाकीचं बोलायचं न्हाय, बाई. लगीन झाल्यावर आईनं लेकीची ओटी भरायची असती. ती ऱ्हायलीय माझ्या हातनं. ओटी भरली की ती जिती झाली. माझ्यापुरती तरी झाली."

त्यासाठी बाई सात समुद्र ओलांडून आली होती. बाकीची अमेरिका तिच्यासाठी वाटेतली अडगळ होती.

लास व्हेगासला आम्ही उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. आपल्याकडं मे महिन्यात घाम तरी येतो, तिथं घाम यायच्या आतच वाळतो. हॉटेल म्हणजे अख्खं गाव होतं. आत शिरलं की पहिल्यांदा जुगाराची मशिनं, मग आणखी मशिनं, आणि लिफ्ट त्यांच्याही पलीकडं. खिडकी नाही, घड्याळ नाही. म्हाताऱ्या बायका नाकाला ऑक्सिजनची नळी लावून मशीनची बटणं दाबत बसलेल्या. कुणाच्या तोंडावर आनंद म्हणून दिसेना. जिंकलेल्याच्याही नाही.

"जत्रा हाय, पर देव कुटाय?" बनाबाईंनी विचारलं.

टूर मॅनेजर पुण्याचा पोरगा होता. त्यानं दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी दिली, पण संध्याकाळी दिवे बघायला बस निघायच्या आत परत यायचं बजावलं. अनुजाला आम्ही फोन केला. ती म्हणाली, मी घेऊन जायला येते. बनाबाईंनी साफ नको म्हटलं. ओटीचं सामान घेतल्याशिवाय लेकीच्या दारात जायचं नाही, आणि ते सामान लेकीच्या गाडीतून, लेकीनं दाखवलेल्या दुकानातून घ्यायचं नाही. आईनं आईचं आणायचं. मी डोक्याला हात लावला. पण त्या एकट्या हिंडल्या असत्या तर त्या शहरानं त्यांना गिळलं असतं, म्हणून मी बरोबर निघाले.

त्या शहरात चालणं ही एक शिक्षा आहे. समोरचं हॉटेल हाताच्या अंतरावर दिसतं आणि चालून चालून पाय तुटले तरी येत नाही. रस्ता ओलांडायचा तर सरकत्या जिन्यानं पुलावर चढायचं, आणि पूल उतरतो तो थेट पुढच्या जुगारखान्यात. तिथून बाहेरचं दार सापडेपर्यंत आणखी एक चक्कर. एकीकडं पिरॅमिड, एकीकडं आयफेल टॉवर. एका ठिकाणी घरातच कालवा काढलेला, वर रंगवलेलं निळं आभाळ, आणि खाली नावाडी गाणी म्हणतोय. बनाबाईंनी वर बघितलं, खाली बघितलं आणि पदर खोचून चालायला लागल्या. त्यांना नारळ पाहिजे होता.

दोन मजली बसमधून थोडं गेलो, मग दुसऱ्या बसनं चिनी लोकांच्या बाजारात. बसस्टॉपला सावली म्हणजे एका खांबाची. बनाबाई त्या खांबाच्या सावलीत मला उभं करायच्या आणि आपण उन्हात थांबायच्या. ऐकायच्या नाहीत. चिन्यांच्या दुकानात तांदूळ मिळाला, सुपारी मिळाली नाही, आणि नारळ मिळाला तो पांढरा सोललेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पुढच्या दुकानात तपकिरी होता, पण गुळगुळीत, शेंडी तासून काढलेला.

"ह्यो बोडका," बनाबाईंनी तो जागेवर ठेवला. "बोडका नारळ ओटीत घालत न्हाईत."

"बनाबाई, नारळ तो नारळ. आत पाणी तेच आहे."

"तुमी सायन्स शिकवत होता काय वो शाळेत?"

मी सायन्सच शिकवत होते.

दुपार उतरणीला लागली होती. शेवटी टॅक्सी केली आणि टॅक्सीवाल्यानं, तो इथिओपियाचा होता, आम्हाला एका गुजराती माणसाच्या किराणा दुकानापुढं सोडलं. बनाबाई आत शिरता शिरताच मोठ्यानं म्हणाल्या, "पावणं, शेंडीचा नारळ हाय काय?" गुजराती माणूस गोंधळला, मग हसला, आणि आतून पूजेसाठी ठेवलेले दोन नारळ घेऊन आला. भरघोस शेंडीचे. सुपारी, हळकुंड, खारीक, सगळं त्याच्याकडं होतं. बनाबाईंनी नारळ कानाशी धरून हलवला, पाण्याचा आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. उरलेल्या वाटेत त्यांनी सगळं सामान खणात बांधून मांडीवर धरलं होतं. मधेच मला विचारत होत्या, "वळखंल नव्हं मला?"

अनुजा राहायची ती वस्ती दिव्यांच्या रस्त्यापासून लांब होती. मातीच्या रंगाची दुमजली घरं, बाहेरून जिने, अंगणात हिरवळीऐवजी खडी. टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून आम्ही वर गेलो. दार उघडंच होतं. अनुजा दारात उभी होती. निळी साडी नेसलेली, हात रिकामे, कपाळ रिकामं. तिच्यामागं पाच-सहा वर्षांची पोरगी पडद्याआडून बघत होती.

दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. बनाबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, एखादं जनावर दुखावलंय का बघतात तसा. "वाळलीस गं, वाळलीस," एवढंच म्हणत होत्या. मी रस्त्याकडं बघत राहिले. मलाही रडू येत होतं आणि मला लोकांसमोर रडायला आवडत नाही.

मग त्यांनी अनुजाचं तोंड हातात धरलं. "कपाळ का गं मोकळं? तुमच्यात लावत न्हाईत काय?"

"बस आधी," अनुजा म्हणाली.

आत गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्यांच्या खाली एका तरुण माणसाचा. त्याला हार घातला होता.

बनाबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या. जावयाला त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं, तरी ओळखलं.

"दोन वर्षं झाली," अनुजा म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. पुष्कळदा सांगून झाल्यावर माणूस असं सांगतो. "कामावरून येत होता. हायवेला गाडीचा टायर फुटला. आजऱ्याच्या लोकांना कळवलं होतं. सोनमला मीच म्हटलं, माझ्या आईला सांगू नको."

"का गं?"

"कळलं असतं तर आली असतीस?"

बनाबाई खुर्चीवर बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला, एकदाच. पोरगी जवळ आली. तिचं नाव संघप्रिया. मराठी तिला तोडकंमोडकं येत होतं. "आजी, रडू नको," ती म्हणाली, आणि ते तिला शिकवून ठेवलं असावं इतकं ते स्पष्ट होतं.

अनुजानं चहा केला. एका हॉटेलात खोल्यांच्या बुकिंगचं काम करते, असं तिनं सांगितलं. इथं सगळी चार दिवस मजा करायला येतात, त्यामुळं शेजारी कोण राहतं हे कुणाला ठाऊक नसतं. सार्थक गेला तेव्हा मयताला त्याच्या ऑफिसातली पाच माणसं आली होती. "बावड्यात असते तर अख्खी गल्ली आली असती," ती म्हणाली, आणि मग हसली. "पण माझं तर तिथं आधीच झालं होतं."

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. वेळ संपत आला होता. अनुजानंच खणात बांधलेल्या सामानाकडं बघितलं. ती खुर्ची ओढून पूर्वेकडं तोंड करून बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि त्याचं टोक मांडीवर पसरलं.

"भर ओटी," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आणलंयस."

बनाबाई उठल्या. खण सोडला. तांदळाची मूठ भरली. आणि हात तिथंच राहिला.

मी बघत होते. त्यांच्या हाताला कुणी धरलं नव्हतं. हंबीरराव तिथं नव्हते, जाऊ नव्हती, भाऊकी नव्हती. त्या घरात आम्ही तीन बायका आणि एक लहान पोर होतो, आणि त्यातल्या दोघींना नवरा नव्हता. तरीही तो हात पुढं येईना. बनाबाईंना लेकीपेक्षा रीत प्यारी होती असं मी म्हणणार नाही. पण जन्मभर ज्या हातानं विधवेपुढं करंडा मिटला, तो हात त्यांच्या मनाला विचारून चालत नव्हता.

"भरा की, बनाबाई!" मी ओरडले. वर्गात ओरडायचे तशी.

त्या दचकल्या. माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकदम वळल्या आणि संघप्रियेला जवळ ओढलं. "ये गं बाळे, तुझी भरतो. तुझी भरतो," म्हणत तिच्या फ्रॉकचा घेर तिच्याच हातांत धरायला लावला आणि त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक, सगळं घातलं. वर नारळ ठेवला. पोरगी वजनानं वाकली आणि खुदखुदून हसली.

अनुजा तशीच बसली होती, मांडीवर पदर पसरून. त्या पदरात काही नव्हतं. थोड्या वेळानं तिनं तो गोळा केला, कमरेला खोचला आणि उठून चहाचं भांडं विसळायला गेली.

बनाबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. "तुझ्याच घरात ऱ्हायलं की गं सगळं," त्या म्हणाल्या. "पोरीला दिलं म्हंजी तुलाच की."

अनुजानं नळ बंद केला. "बाबांनी केलं त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं, आई," ती म्हणाली. "ते बाबाच. तू मला न सांगता रडत असशील, असं मी धरून चालले होते." एवढं बोलून तिनं हात पुसले. मग माझ्याकडं वळून पाहुण्यांशी बोलतात तशी म्हणाली, "मॅडम, टॅक्सी थांबलीय. तुमची बस चुकेल." जिन्यापर्यंत पोचवायलाही आली. बनाबाईंच्या पाया पडली. ते सगळं रीतीप्रमाणं झालं.

टॅक्सीत बनाबाई म्हणाल्या, "हात उचललाच न्हाय वो बाई. मी उचलत होतो, पर उचललाच न्हाय." मी खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांना थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि कुशीतही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी दिवे बघितले. पाण्याची कारंजी गाण्यावर नाचत होती, पुण्याच्या बायका फोटो काढत होत्या. बनाबाई बसमधून उतरल्याच नाहीत. हॉटेलात आल्यावर आम्ही फोन लावला. वाजत राहिला. सकाळी पुन्हा लावला. बस निघाली.

कोल्हापूरला आल्यावरही त्या अधूनमधून माझ्याकडं यायच्या, मी फोन लावायचे आणि तो वाजत राहायचा. सोनम म्हणाली, अनुजानं तिच्याशीही बोलणं बंद केलंय, घर बदललं असावं. हंबीररावांनी मात्र गावभर बायकोची अमेरिका सांगितली. जावेचे खजूर पार विसरले गेले.

दोन वर्षांनी हंबीरराव गेले. रानात चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. महिन्याभरानं बनाबाई माझ्या दारात उभ्या होत्या. कपाळ पांढरं, हात रिकामे. मी पाणी दिलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"बाई, फोन लावा. तिला म्हणावं, आता मी बी तुझ्यावानीच. आता कुणाची बाधा कुणाला? आता भरतो म्हणावं. ती येईना तर मी येतो."

मी नंबर फिरवला. या खेपेला घंटी वाजलीच नाही. एक बाई इंग्रजीत बोलायला लागली.

"लागला?" बनाबाई पुढं सरकल्या. "काय म्हणती?"

"हा नंबर आता कुणाचाच नाही म्हणते. मशीन आहे ते, बनाबाई."

त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. बराच वेळ ऐकलं.

"बाईमाणूसच बोलतंय की," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि रिसीव्हरमध्ये हळू आवाजात बोलायला लागल्या, "अनू, पदर पसर गं. पसर. आता भरतो." मशीन पुन्हा तेच इंग्रजी वाक्य म्हणत होतं.